केपर : करडाच्या उडीतून आलेलं क्रियापद

इंग्रजीत 'केपर' नावाचं एक क्रियापद आहे. शाळेच्या पुस्तकात ते क्वचित येतं, आणि आलं की गाईडमध्ये त्याच्यापुढे 'उड्या मारणे' एवढंच छापलेलं असतं. 'जंप'पुढेही उड्या मारणे, 'लीप'पुढेही उड्या मारणे, 'स्किप'पुढेही तेच. मुलं पाठ करतात, पेपरात उतरवतात, गुण पदरात पाडून घेतात आणि विसरून जातात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात इंग्रजी शिकवते. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या दारात शेरडं आहेत. केपर करणं म्हणजे काय, हे या मुलांना लंडनच्या मुलांपेक्षा जास्त चांगलं ठाऊक आहे. आपण रोज बघतो त्यालाच हा शब्द आहे, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून आज हे एकच क्रियापद घेऊन बसले आहे.

सुरुवात शेरडांपासूनच करायला हवी. माझ्या आईकडे उस्मानाबादी शेळ्या आहेत. काळ्या कुळकुळीत, आणि बऱ्याचदा जुळी देणाऱ्या. शेळ्या दिवसभर माळावर असतात आणि लहान करडं घरी डालग्याखाली. दिवस कलला की शेळ्या परततात, आई डालगं उचलते आणि करडं आपापल्या आईच्या पोटाखाली घुसतात. आचळाला लुचताना ढुशा देतात, शेपटी सारखी हलत असते. पोट भरलं की मिनिटभर ती काहीच करत नाहीत. मधेच उभी राहतात, कुठेतरी बघतात.

मग एकदम एखाद्याचे चारही खूर एकाच वेळी जमीन सोडतात. पळता पळता मारलेली ही उडी नव्हे, उभ्या जागेवरून सरळ वर जाते. पाय ताठ, पाठीची कमान. हवेत असतानाच मान एका बाजूला जाते, मागचा भाग दुसऱ्या बाजूला, आणि सगळ्या अंगाला पीळ बसतो. खाली येतं तेव्हा तोंड भलतीकडेच झालेलं असतं. क्षणभर थबकतं, जणू हे कुणी केलं ते त्यालाच कळलेलं नाही, आणि पुन्हा उडतं. मग दुसरं उडतं. मग पालथं घातलेलं घमेलं, दगड, बसलेल्या शेळीची पाठ, जे काही उंच दिसेल त्यावर चढून तिथून उडी. कुत्रं मागे लागलेलं नसतं, पाला दाखवलेला नसतो, कुठे पोचायचंही नसतं.

आई म्हणते, "आलं बघ वारं अंगात."

कानात वारं शिरणं हा आपला वाक्प्रचार बहुतेक वेळा वासराला लावतात, पण करडालाही तो तितकाच शोभतो. केपरचा अर्थ मी वर्गात याच वाक्प्रचाराने सांगते. 'उड्या मारणे' यात नुसती क्रिया आहे. 'कानात वारं शिरल्यासारखं उड्या मारणे' म्हटलं की त्यात आनंद येतो, विनाकारणपणा येतो, थोडा वेडेपणाही येतो. केपरमध्ये हे तिन्ही आहे. यातलं एखादं गळालं तर दुसरं क्रियापद शोधावं.

आता शब्दाच्या कुळाकडे वळू. लॅटिनमध्ये शेळीला 'काप्रा' आणि बोकडाला 'कापेर' म्हणतात. शेळीचं शास्त्रीय नाव 'काप्रा हिर्कस', ते यातलंच. त्याच घरातला 'काप्रेओलुस' हा शब्द रानबोकडाला आणि युरोपातल्या रो नावाच्या छोट्या हरणाला लागला. त्यावरून इटालियनमध्ये उंच उडीला 'काप्रिओला' म्हणू लागले. फ्रेंचांनी त्याचं 'काप्रिओल' आणि 'काब्रिओल' केलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीला इंग्रजांनी त्याची शेपटी छाटली आणि 'केपर' तेवढा ठेवला, असं बहुतेक कोशकार मानतात. म्हणजे इंग्रजांच्या आधी इटलीतल्या कुणीतरी करडाच्या उडीकडे नीट पाहिलं होतं.

करडाला ही उडी का येते, यालाही उत्तर आहे. शेळीचा मूळ पूर्वज बेझोआर हा इराण आणि तुर्कस्तानच्या डोंगरकड्यांवर राहणारा प्राणी. साधारण 10,000 वर्षांपूर्वी झाग्रोस पर्वताच्या परिसरात तो माणसाळला. कड्यावर जन्मलेल्या पिलाला सपाटीवरच्या पिलाइतका निवांतपणा नसतो. तोल सावरणं, उंच चढणं, अरुंद जागी नेमकं उतरणं हे त्याला लवकर यावं लागतं. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे या उड्यांना खेळच म्हणतात, आणि खेळता खेळता स्नायूंची आणि तोलाची तालीम होते असं सांगतात. आमच्या माळावर कडा नाही, घमेलं आहे. पण शरीर तेच. कोकराशी तुलना केली तर फरक लगेच दिसतो. मेंढ्यांची कोकरं घोळक्याने इकडून तिकडे धावतात, त्यांचा खेळ आडवा. करडाचा खेळ उभा, वर जाणारा. इंग्रजीत कोकरांच्या बागडण्याला 'गॅम्बोल' हे वेगळं क्रियापद आहे, आणि ते पायावरून आलं आहे. इटालियनमध्ये 'गांबा' म्हणजे तंगडी. दोन जनावरांच्या दोन खेळांना दोन क्रियापदं असावीत, ही गोष्ट मला फार आवडते. ज्या भाषेने शेतीवाडी केली, तिच्यातच असे शब्द राहतात.

केपर इंग्रजीत आलं ते मात्र गोठ्यातून नाही, नाचघरातून. शेक्सपिअरच्या काळात गॅलियर्ड नावाच्या नाचाची फार चलती होती. पाच पावलं, आणि शेवटचं पाऊल पडण्याआधी हवेत एक मोठी उडी. पहिली एलिझाबेथ राणी स्वतः हा नाच नाचण्यात पटाईत होती. त्या उडीत जो जास्त उंच जाईल, हवेत पायांची जास्त करामत करील, त्याची वाहवा. अशी उडी मारण्याला 'कट अ केपर' म्हणत.

शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' या नाटकात या शब्दावर एक कोटी आहे. 2 फेब्रुवारी 1602 ला लंडनच्या मिडल टेम्पल या वकिलांच्या संस्थेत त्याचा प्रयोग झाल्याची नोंद सापडते. त्यातला सर अँड्र्यू फुशारकी मारतो की, मी केपर 'कट' करू शकतो. त्यावर सर टोबी म्हणतो, मग मी त्याच्याबरोबर मटण कापतो. प्रेक्षक हसले असणार, कारण केपर हे एका आंबट कळीचंही नाव आहे आणि इंग्रज लोक उकडलेल्या मटणावर त्या कळ्यांचा सॉस घेत.

या आंबट केपरचा करडाशी काही संबंध नाही. तो शब्द ग्रीक 'काप्पारिस'वरून आला. उच्चार एक, स्पेलिंग एक, कुळं निराळी. भूमध्य समुद्राकाठच्या एका काटेरी झुडपाच्या न उमललेल्या कळ्या खारवून किंवा व्हिनेगरमध्ये मुरवून बाटलीत भरतात. आता त्या मोठ्या शहरांतल्या दुकानांत आपल्याकडेही मिळतात. पण ज्यांनी कधी बाटली पाहिली नाही, त्यांनीही या झुडपाची चुलत बहीण खाल्लेली असू शकते. आषाढी एकादशीचा उपवास सोडताना द्वादशीला वाघाट्यांची भाजी करतात ना, ती वाघाटी याच 'कॅपारिस' कुळातली. गोविंदफळ म्हणतात तीच. वर्गात हे सांगितलं की मुलं टक लावून ऐकतात. कडू भाजी त्यांच्या चांगलीच लक्षात असते, त्यामुळे दोन केपर वेगळे आहेत हेही लक्षात राहतं.

शेक्सपिअरने हे क्रियापद आणखी एका ठिकाणी वापरलं आहे, आणि तिथे त्याची दुसरी बाजू दिसते. 'रिचर्ड द थर्ड' सुरू होतं तेच रिचर्डच्या स्वगताने. लढाई संपली आहे आणि राजवाड्यात चैन सुरू आहे. रिचर्डला ते सहन होत नाही. तो युद्धालाच माणूस कल्पून म्हणतो की, चिलखत घातलेल्या घोड्यावर बसून शत्रूला घाबरवायचं सोडून हा आता एका बाईच्या दालनात ल्यूट या तंतुवाद्याच्या सुरांवर केपर करतोय. रिचर्ड 'नाचतोय' म्हणत नाही, 'केपर करतोय' म्हणतो, आणि त्या एका क्रियापदाने समोरच्याला क्षुद्र करून टाकतो. करडाने केलं तर गोड, पण राकट मोठ्या माणसाने केलं तर हसं. चारशे वर्षं झाली, तरी क्रियापदाची ही धार तशीच आहे. पुढाऱ्याबद्दल, अधिकाऱ्याबद्दल, प्रतिष्ठित माणसाबद्दल इंग्रजी वर्तमानपत्राने हे क्रियापद वापरलं, तर त्यात कौतुक शोधू नये.

अपवाद एकच, आणि तो मला अतिशय प्रिय आहे. इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड भागातल्या गावांत मॉरिस नावाचा लोकनाच आहे. पांढरे कपडे, पोटऱ्यांवर चामड्याच्या पट्ट्यांत ओवलेले घुंगरू, दोन्ही हातांत मोठे रुमाल. त्यातल्या एका पावलाचं नावच केपर. संगीताची लय इथे मुद्दाम संथ केली जाते, कारण नाचणाऱ्याला वर जाऊन खाली यायला वेळ हवा. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर झेप घेतो, अंग सरळ वर फेकतो, रुमाल वर उडतात, आणि उतरताना सगळे घुंगरू एकदम वाजतात. हे पोटं सुटलेले, दाढ्या पांढऱ्या झालेले गृहस्थही करतात, अगदी गंभीर चेहऱ्याने, गावाच्या चौकात. तिथे कुणी त्यांना हसत नाही. त्यांचा व्हिडिओ मी वर्गात फळ्यावर लावून दाखवते, आणि आमच्याकडचा धनगरी गजी नाचणाऱ्या घरांतली मुलं आधी त्यांच्या पायांकडे बघतात.

शेक्सपिअरच्या कंपनीत विल केम्प नावाचा विनोदी नट होता. कंपनी सोडल्यावर 1600 साली तो लंडनपासून नॉर्विचपर्यंत, शंभराहून अधिक मैल, मॉरिस नाचत गेला. नाचाचे दिवस नऊ. मधे विश्रांतीचे मुक्काम. बरोबर पिपाणी आणि ढोलकं वाजवणारा एक साथीदार. पुढे त्याने त्यावर छोटी पुस्तिका छापली. तिच्या मुखपृष्ठावर पायांना घुंगरू बांधलेला केम्प आणि त्याचा तो साथीदार दिसतात.

या शब्दाचे बाकीचे नातेवाईक थोडक्यात सांगते. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये पांढरे लिपिझ्झानर घोडे शिकवतात. त्यांच्या सगळ्यात अवघड उडीचं नाव काप्रिओल. घोडा चारही पायांनी जमीन सोडतो आणि हवेत असतानाच मागचे पाय जोरात पाठीमागे झाडतो. एवढं धिप्पाड जनावर वर्षानुवर्षं शिकवून जे करतं, त्याला नाव शेळीचं. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात दोन चाकांची हलकी घोडागाडी आली. ती रस्त्यावर उसळत जाई, म्हणून तिला 'काब्रिओले' म्हणू लागले. लंडनमध्ये तिचं लघुरूप झालं 'कॅब'. मोटार आली, घोडा गेला, कॅब राहिली. माझे चुलते मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी चालवायचे. 2023 च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या. आपण जिला कॅब म्हणतो तिच्या नावात शेरडू आहे, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते नाव दोन-तीनदा म्हणून बघितलं.

आता वापराविषयी, कारण शिक्षिकेला तेच विचारलं जातं.

उच्चार 'के' लांब, 'पर' हलका. जोर पहिल्या अक्षरावर. म्हणूनच 'केपर्ड' आणि 'केपरिंग' लिहिताना आर एकच. 'प्रिफर'चं 'प्रिफर्ड' करताना आर दोन येतात, कारण तिथे जोर शेवटी आहे. हा एक नियम समजला की अशी शेकडो स्पेलिंगं पाठ करावी लागत नाहीत. क्रियापद अकर्मक आहे. केपर कशालातरी करता येत नाही. त्याला 'अबाउट' किंवा 'अराउंड' जोडलं की इकडे-तिकडे असा अर्थ मिळतो : 'द किड्स केपर्ड अबाउट इन द यार्ड.' या वाक्यात 'किड्स' म्हणजे करडं की पोरं, हे संदर्भावरूनच कळणार, आणि दोन्ही अर्थ बरोबर बसतात. इंग्रजीत लहान मुलाला 'किड' म्हणतात तो मुळात करडाचाच शब्द.

नाम म्हणून केपरचा अर्थ खोडी, उपद्व्याप. चोरीच्या मोठ्या बेतावर बेतलेल्या हलक्याफुलक्या सिनेमांना इंग्रजीत 'केपर फिल्म' म्हणतात. अनेकवचनात 'केपर्स' म्हटलं की बहुधा चाळे.

शेजारच्या क्रियापदांशी गल्लत होते ती इथे होते. वरातीत नवरदेवाचा घोडा ताशाच्या तालावर मागच्या पायांवर भार देत, पुढचे पाय उचलत ऐटीत चालतो, ते 'प्रान्स'. त्यात मिरवणं आहे, केपरमध्ये ते नाही. वाटाण्याच्या रानात शिरलेली पोरं राखणदाराची हाक ऐकून बारीक पावलांनी सुसाट पळतात, ते 'स्कॅम्पर'. तिथे कारण आहे आणि दिशाही आहे. दंगामस्ती, एकमेकांच्या अंगावर पडणं, लोळणं हे 'रॉम्प'. दोरीवरच्या उड्या किंवा एका पायावर एक ठेका घेत जाणं 'स्किप'. 'फ्रॉलिक' हे केपरच्या सगळ्यात जवळचं. ते डच भाषेतल्या 'आनंदी' या अर्थाच्या शब्दावरून आलं, त्यामुळे त्यात मनाची अवस्था जास्त आणि पायांची करामत कमी. समुद्रकिनाऱ्यावर कुटुंब फ्रॉलिक करतं. त्यात एखादी आजी नुसती पाण्यात पाय सोडून उभी असली तरी चालतं. केपर करायचं तर जमीन सुटली पाहिजे.

एकदा वर्गात प्रश्न आला की, मॅडम, वारीत रिंगणानंतर उडीचा खेळ होतो, त्याला केपर म्हणायचं का? माउलींची पालखी फलटणवरून पुढे जाते, तेव्हा आमच्या भागातली किती तरी घरं तिथे असतात. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर शेकडो वारकरी एकदम उडतात. उडी तीच आहे, वर जाणारी, अंग विसरायला लावणारी, आनंदही आहे. तरी मी नाही म्हणाले. त्या उडीला कारण आहे, नामाचा ठेका आहे, आणि ती कुणाच्या तरी दिशेने आहे. 'लीप' म्हणा, 'लीप फॉर जॉय' म्हणा. केपर लावलं तर इंग्रजी वाचणाऱ्याच्या ओठावर हसू येईल आणि त्या हसण्याला तिथे जागा नाही. मॉरिसमधल्या पावलाचं नाव पिढ्यान्‌पिढ्या तेच असल्यामुळे तिथे ते हसू गळून पडलं आहे. आपल्या उडीला तिचं स्वतःचं नाव आहे, ते इंग्रजीतही तसंच लिहावं असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं झाल्यावर प्रत्येकाला केपर वापरून एक वाक्य लिहायला सांगितलं. बहुतेकांनी करडं घेतली, काहींनी वासरं, एकाने घरात शिरलेलं माकड. एका मुलीने लिहिलं : 'माय ग्रँडफादर केपर्ड इन द रेन.' वर्गात कुजबुज झाली. मागच्या बाकावरून आवाज आला की, आजोबांना केपर लावणं म्हणजे त्यांचा अपमान, मॅडमनीच सांगितलंय मोठ्या माणसाला लावलं की हसं होतं.

मी तिला विचारलं, आजोबा खरंच उडाले होते का?

"व्हय मॅडम. पाऊसच न्हवता ना. आन् मग सप्टेंबरात वढ्याला पानी आलं. धोतार वर खोचलं आन् नाचलं पान्यात, ह्या काठाला, त्या काठाला. आज्जी म्हनली, म्हाताऱ्याला याड लागलं. आन् तीबी हसत हुती."

माणमध्ये जून कोरडा जातो, जुलै कोरडा जातो, ढग महाबळेश्वरलाच रिकामे होऊन येतात. सप्टेंबरात ओढ्याला पाणी येणं म्हणजे काय, हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं. जमीन सुटली होती, आनंद होता, वेडेपणाही होता, आणि आजीच्या हसण्यात क्रियापदाची ती धार होती, पण प्रेमाने वापरलेली. रिचर्डला जे द्वेषाने दिसलं तेच आजीला मायेने दिसलं. याहून नेमकं क्रियापद मलाही सापडलं नसतं. मी वाक्य फळ्यावर लिहिलं, आणि त्यात 'केपर्ड'नंतर तेवढं 'अबाउट' घातलं, कारण आजोबा एका जागी नाचत नव्हते, या काठाहून त्या काठाला जात होते.